वेसाव्याचे खांदे

ऑक्टोबर तापला की फोन सुरू होतात. अंधेरीच्या आमच्या कॉलेजातली मुलं असतात, ओळखीची किंवा ओळखीच्यांनी नंबर दिलेली. प्रबंध दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचा असतो. कॉलेजसमोरच्या गल्लीत झेरॉक्सवाल्यांकडे काळ्या रेक्झिनचे पुठ्ठे रचलेले असतात, सोनेरी अक्षरं उमटवायचं यंत्र तापत असतं आणि डिंकाचा वास रिक्षांच्या रांगेपर्यंत येतो. यंदाचा पहिला फोन बोरिवलीच्या एका मुलीचा होता. मागे नवरात्रीचा लाउडस्पीकर, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती.

"ताई, कुठली टेस्ट लावू म्हणजे पी येईल?"

"तुझा प्रश्न काय आहे?"

"प्रश्न नाहीये ताई, डेटा आहे."

ती विनोद करत नव्हती. या मोसमात सगळे असंच बोलतात. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच चौकशी: पी आला का? कुणाचा आलेला असतो, कुणाचा अडकलेला. हा पी म्हणजे एक शक्यता. खरोखर काहीच फरक नसता, तर आपल्याला दिसला एवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. ०.०५ च्या खाली गेला की फरक 'सिग्निफिकंट' ठरतो आणि विद्यार्थी म्हणतो, आला. वर राहिला की तो दुसरी टेस्ट शोधायला लागतो. माणूस दवाखाने बदलतो तसा, हवा तो रिपोर्ट मिळेपर्यंत.

हा फोन आला की तेजलचा ऑक्टोबर आठवतो.

त्याआधी बरीच वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आरोग्याच्या बातम्या हाताखालून जायच्या आणि त्यात 'संशोधनातून सिद्ध' हे शब्द जवळजवळ रोज असायचे. हे लोक सिद्ध कसं करतात ते एकदा बघावं, म्हणून नोकरी सोडून सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. शेजारच्या बाकावर तेजल होती. दहिसरच्या चाळीतली, मूळची मालवणकडची, फिजिओथेरपिस्ट. माझ्याहून बरीच लहान, तरी दुसऱ्याच दिवशी मला 'तू' म्हणायला लागली. तिचं म्हणणं, एका बाकावर बसलेल्यांत मोठं-लहान नसतं.

बायोस्टॅटच्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या, मॅडम फळ्यावर सूत्रं कमी लिहायच्या, प्रश्न जास्त विचारायच्या. टेस्ट निवडायची म्हणजे काय, तर आधी तीन गोष्टी विचारायच्या, असं त्यांचं म्हणणं. काय मोजलं, कोणाचं मोजलं आणि आकडे कसे पसरलेत.

"कांजूरमार्गच्या डम्पिंगजवळ राहणारी माणसं आणि लांब राहणारी माणसं. खोकला आहे की नाही, एवढंच विचारलंय. कुठली टेस्ट?"

"काय-स्क्वेअर," वर्ग म्हणायचा. हो-नाहीची मोजदाद तिथेच जाते.

"मुलुंडच्या शाळेतल्या मुलांची उंची आणि घाटकोपरच्या शाळेतल्या मुलांची?"

"अनपेअर्ड टी." उंची हा आकडा आहे आणि मुलं वेगवेगळी.

"हा मागच्या बाकावरचा वडापाव सोडणार आहे म्हणे. याच्यासारख्या पंचवीस जणांचं सोडण्याआधीचं वजन आणि सोडल्यावरचं?"

"पेअर्ड, मॅडम," तेजल म्हणाली. "पण तो सोडणार नाही."

वर्ग हसला. मॅडमही. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की या विषयातल्या बहुतेक चुका गणिताच्या नसतात, 'कोणाचं मोजलं' या प्रश्नाशी होतात. आम्ही ते लिहून घेतलं. तेव्हा ते परीक्षेत विचारण्यासारखं वाक्य वाटलं.

तेजलने प्रबंधासाठी खांदा निवडला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, तिथल्या तोंडी वेसाव्यात, मासळी विकणाऱ्या बायकांचे खांदे. डोक्यावरची पाटी एका हाताने धरून धरून तो हात हळूहळू वर जायचा थांबतो. केस विंचरताना दुखतं, चोळीची गाठ मारताना दुखतं, आणि बायका म्हणतात, वय झालं. तेजलला बघायचं होतं की साधे व्यायाम, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, काठी दोन्ही हातांनी धरून उचलणं, दीड महिना केले तर हात किती वर जातो. आधी मोजायचं, नंतर मोजायचं. त्याच बायका, दोनदा. म्हणजे जोडीची टेस्ट, पेअर्ड. वर्गातल्या वडापावच्या उदाहरणाइतकं सरळ.

मी तिच्याबरोबर आकडे लिहायला जायची. बाजाराच्या कडेला एका बंद गाळ्याची पायरी मिळाली होती. पलीकडे बोंबील वाळवायचे बांबू अजून रिकामे होते, पाऊस थांबून थांबून पत्र्यावर वाजत होता आणि खाडीकडून येणारा वारा ओला होता. तेजल एकेकीला नाव घेऊन बोलवायची, खांद्यावर कोन मोजायची पारदर्शक पट्टी धरायची, आकडा सांगायची. बाई जायची, दुसरी यायची. प्रत्येकीला जेमतेम काही मिनिटं, कारण गिऱ्हाईक थांबत नाही. तेजलने त्या दिवशी तीसेक खांदे नीट पाहिले. चेहरे फारसे पाहिले नाहीत. मग दोन दिवस संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून व्यायाम शिकवले आणि घरी करायला सांगितले.

दीड महिन्याने आम्ही परत गेलो. ऑक्टोबर सुरू झाला होता, बांबूंवर बोंबील लटकत होते आणि ऊन इतकं की पत्र्याला हात लागत नव्हता. आकडे इतके छान येत होते की तेजल गुणगुणायला लागली. मंजुळाबाई म्हणून हाक मारल्यावर जी बाई आली, तिचा हात तर सरळ कानाला लागला.

"मंजुळाबाई, झकास! केवढा फरक पडला बघा!"

आणि हात खाली घेताना तेजलने तिचं मनगट धरलं, ते धरूनच ठेवलं.

"तुमचं गोंदण कुठे गेलं?"

"माझा कुठला गोंदण?" बाई शांतपणे म्हणाली. "तो मंजुळाचा. मी तिची जाव, सुरेखा."

"पण मी मंजुळाबाईंना बोलावलं होतं."

"मग? मंजुळाच्याच जागेवरनं आले ना! ती लिलावाला बंदरावर गेलीय. म्हटला, पोरीचा काम अडायला नको."

तेजल पायरीवर बसली. मग उठली आणि जागोजागी जाऊन विचारत फिरली. कुणी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यांच्या लेखी काही नव्हतंच. एका जागेवर पहिल्या वेळी सासू होती, आता सून. एकीने व्यायाम मन लावून केले होते, मोजायला मात्र बहिणीला पाठवलं होतं.

"म्हणजे व्यायाम तुम्ही केला आणि खांदा हिचा मोजला?"

"एकाच घरातला हाय गो बाय, काय फरक परतो!" ती म्हणाली आणि आजूबाजूच्या चार जणी खळखळून हसल्या.

त्या बाजारात जागा घराची असते. सासूची सुनेकडे येते, जावा वाटून बसतात, एक बंदरावर गेली की दुसरी तिथे टेकते. जागेचं नाव बदलत नाही. मंजुळेच्या जागेवर जी बसेल ती गिऱ्हाइकासाठी मंजुळाच, उधारी तिच्याकडे द्यायची, सुरमई तिच्याकडे मागायची. जागा रिकामी राहणं एवढीच एक नामुष्की. तेजलने नाव पुकारलं तेव्हा या बायकांनी तिच्यासाठीही जागा रिकामी ठेवली नाही. आपल्याकडून अभ्यासाचं भलंच झालं, अशी त्यांची खात्री होती. यात चूक त्यांची शोधणाऱ्याने आधी हे सांगावं, की आपण कोणाला मोजतोय हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

जोड्या अशा मोडल्या. दोन्ही वेळी खरोखर त्याच असलेल्या बायका निम्म्याहून थोड्याच जास्त निघाल्या.

दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत, पंख्याखालचं टेबल पकडून, तेजलने तीन वेळा हिशेब केला. पहिल्यांदा काही घडलंच नाही असं समजून सगळ्या नावांच्या जोड्या लावल्या. पी आला. दुसऱ्यांदा जोडी विसरून 'आधीच्या बायका' आणि 'नंतरच्या बायका' असे दोन गट केले. पी आला. तिसऱ्यांदा फक्त खऱ्या जोड्या घेतल्या. त्या थोड्या होत्या. दोघींना खूप फरक, बाकीच्यांना थोडा किंवा नाहीच, असे एकीकडे झुकलेले आकडे. अशा वेळी सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. फरकांना लहान-मोठे क्रमांक देऊन त्यांवर चालणारी जोडीची टेस्ट असते, ती लावायची. तिने लावली. पी आला नाही.

तिने तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले.

"वाट लागली यार," एवढंच म्हणाली.

या पीवर तिचं काय अवलंबून होतं, ते मला माहीत होतं. मुलुंडच्या एका पुनर्वसन केंद्रात तिची निवड झाली होती. अट एक, या सत्रात पदवी हवी. अंधेरीच्या क्लिनिकमधलं तिचं कंत्राट संपत आलं होतं. दहिसरला आई वाट बघत होती. रोज दार उघडताना विचारायची, "काय गो, तुझो तो पी इलो की नाय?" त्या घरात पी हा बरेच दिवस येतो येतो म्हणून न आलेला पाहुणा झाला होता.

गाइड सरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे. चहा मागवला, दोन्ही कप स्वतः पुढे सरकवले. विद्यार्थी अडकू नये असं त्यांना मनापासून वाटायचं आणि परीक्षकांना काय आवडतं, हे त्यांना पाठ होतं.

"जोडी मोडली ना? मग अनपेअर्ड लाव. जगात काय पेअर्ड एकच टेस्ट आहे?"

"सर, निम्म्या बायका दोन्ही गटांत त्याच आहेत. अनपेअर्डला दोन्हीकडे वेगवेगळी माणसं लागतात. आणि ज्या बदली आल्या त्या बहुतेक तरुण आहेत. त्यांचा हात आधीपासूनच वर जातो. मी वय मोजलं आणि नाव व्यायामाचं दिलं, असं होईल."

"हे कोण विचारणार आहे?"

"मी आत्ताच विचारलं ना, सर."

सर हसले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तेजल, शास्त्र वेगळं आणि सबमिशन वेगळं. पदवी घे, नोकरीला लाग, मग आयुष्यभर खऱ्या टेस्ट लाव."

हा सल्ला मी ओळखत होते. डेस्कवर मथळा बऱ्याचदा बातमीच्या आधी ठरायचा. वार्ताहर अजून घटनास्थळी असायचा आणि इकडे पानावर चार कॉलम मोकळे सोडून वर ठळक अक्षरं लागलेली असायची. तो परत येऊन म्हणायचा, तसं काही झालेलं नाही. मग त्याला विचारलं जायचं, थोडंसं तरी झालंय ना? या 'थोडंसं तरी'मध्ये माणूस रोज किंचित वाकतो. पाठीचा हा कोन मोजायची पट्टी अजून निघालेली नाही. आणि 'अद्याप स्पष्ट झालेले नाही' हे वाक्य आम्ही नेहमी शेवटच्या परिच्छेदात टाकायचो, जागा कमी पडली की पहिलं तेच कापायचो.

तेजलने ते वाक्य पहिल्या पानावर घेतलं. सारांशातच लिहिलं की दुसऱ्या मोजणीला काही जणींच्या बदली घरातल्या दुसऱ्या बायका आल्या, हे संशोधकाच्या उशिरा लक्षात आलं, त्या जोड्या वगळल्या आहेत आणि उरलेल्यांत फरक सिद्ध झालेला नाही. पद्धतीच्या प्रकरणात जागेची चाल समजावून सांगितली, कुणा बाईला दोष न देता. सरांनी वाचून कपाळाला हात लावला.

"आपली चूक आपणच छापायची?"

"दुसऱ्या कोणी छापण्यापेक्षा बरी, सर."

सही त्यांनी केली. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

तोंडी परीक्षा एका लांबट खोलीत झाली. पुढचा नंबर माझा, म्हणून मी मागच्या खुर्चीवर होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला, शेवटचं पान वाचलं, परत पहिलं वाचलं.

"एवढी मेहनत आणि निष्कर्ष शून्य? असं करा, 'सुधारणा दिसून आली' एवढं वाक्य घाला. मी आत्ता सही करतो."

"सर, दिसून आली म्हणण्याइतका पुरावा नाही."

"मग व्यायाम निरुपयोगी आहेत असं लिहा."

"तेवढाही पुरावा नाही, सर. बायका कमी उरल्या. फरक असेल तरी तो या अभ्यासाला दिसला नसता."

"मग तुम्हाला म्हणायचंय तरी काय?"

"माहीत नाही, असं म्हणायचंय. आणि का माहीत नाही, ते सविस्तर लिहिलंय."

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, माहीत नाही यासाठी पदवी देत नाहीत."

"मग कशासाठी देतात, सर?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. गाइड सर खिडकीबाहेर बघत होते. खोलीतला एसी मोठ्याने चालू होता आणि त्याच्या खाली कुणीतरी ठेवलेल्या बादलीत पाणी टपटपत होतं. परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि पुढचं नाव पुकारलं. संध्याकाळी यादी लागली. तेजलच्या नावापुढे शेरा होता: नमुना वाढवून पुन्हा सादर करावे. सत्र गेलं. मुलुंडहून फोन आला, आवाज फार नम्र होता, त्यांनी दुसऱ्या कुणालातरी घेतलं होतं.

मी तिच्याबरोबर दहिसरला गेले. सांगायचं कसं, हा प्रश्न चेकनाक्यापर्यंत चालला आणि चाळीच्या जिन्यात संपला, कारण आईने दारातच तिचा चेहरा बघितला.

"नाय इलो?"

"नाय, आये. नोकरीपण गेली."

आईने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मग म्हणाली, "खोटा काय लिवलस नाय मा?"

"नाय."

"मग हातपाय धू नि जेवूक बस."

या विषयाच्या पुस्तकांत टेस्ट निवडायचा एक तक्ता असतो. चौकटी आणि बाण. आकडा की गट, दोन गट की जास्त, तीच माणसं की वेगळी. बाण धरून गेलं की तळाशी टेस्टचं नाव मिळतं. तो तक्ता उत्तम आहे, मी अजूनही तो फोन करणाऱ्यांना पाठवते. त्यात एक बाण मात्र मला कधी सापडला नाही: हवं ते उत्तर न देणारी टेस्ट योग्य असेल, तर काय करायचं. तिथे चौकट संपते आणि माणूस सुरू होतो. तेजलला मूर्ख म्हणणारे त्या दिवाळीत बरेच भेटले. एकाने तर गणितच मांडून दाखवलं की एका वाक्याच्या बदल्यात तिने नोकरी घालवली. त्या गणितात मला दुसरी बाजू धरलेली दिसत नव्हती. ज्या व्यायामाने खांदा सुटतो की नाही हे कुणालाच माहीत नाही, तो सुटतोच असं छापून आलं असतं. मग पुढच्या कोणा फिजिओने ते वाचून आणखी बायकांना सांगितलं असतं, करा, सिद्ध झालंय. त्यांचे हात वर गेले नसते तेव्हा त्यांनीच म्हटलं असतं, वय झालं. हा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा?

दिवाळी झाल्यावर तेजल वेसाव्याला गेली. जायची गरज नव्हती. पण आम्ही निघताना बायकांनी विचारलं होतं, आमचा निकाल कधी, आणि ते उत्तर द्यायचं राहिलं होतं. उकाडा सरला होता. मंजुळाबाई, खऱ्या, गोंदणवाल्या, स्वतःच्या जागेवर होत्या. शेजारी सुरेखा कोळंबी सोलत होती.

"काय आला गो निकाल?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही असा आला."

"एवरा शिकून म्हाईत नाय?" सुरेखा म्हणाली आणि दोघी जावा जोरात हसल्या. तेजलही हसली. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. कुणाला बदली पाठवल्याने काय झालं, आकडे कसे गेले, सत्र कसं गेलं. दोष दिला नाही, गोड करूनही सांगितलं नाही. सुरेखाचे हात कोळंबीत थांबले.

"आमच्यामुलं गेली तुजी नोकरी?"

"माझ्यामुळे. मी नावं विचारली, माणसं विचारली नाहीत."

मंजुळाबाईंनी पदराला हात पुसले. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

"परत मोजशील?"

"मोजायचंच आहे. जास्त बायका लागतील. आणि दोन्ही वेळी त्याच लागतील."

"मग बाजारात सांगते सगल्यांना," मंजुळाबाई म्हणाल्या. "जागेवर हिला बसवीन. खांदा मीच आनीन."

दुसऱ्या वेळी पी आला की नाही, ते मी इथे लिहीत नाही. डेस्कवरची सवय निकाल पहिल्या वाक्यात द्यायची आहे. ती सवय इथे मुद्दाम मोडते. आकडा दिला की त्यावरून तेजल बरोबर होती की चूक, ते ठरवलं जाईल. आला असेल तर शहाणी, नसेल तर हट्टी. ती बरोबर होती ती लायब्ररीतल्या त्या दुपारी, तिसरा हिशेब समोर असताना. पुढच्या कुठल्याही आकड्याने त्यात भर पडत नाही आणि काही कमीही होत नाही.

पुन्हा मोजायला बसलो त्या सकाळी मंजुळाबाई पहिल्या आल्या. तेजलने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मनगट उलटून गोंदण पाहिलं, आणि मगच पट्टी खांद्याला लावली.

"हात वर करा," ती म्हणाली. "जमेल तेवढाच."